अध्यक्षांच्या दोन घागरी

शेळीपालन सोसायटीचं अध्यक्षपद टिकलं तर बिभीषणला तीन गोष्टी मिळत राहणार होत्या: दोन्ही हात शाबूत असलेली गावातली एकमेव खुर्ची, लोकांच्या तोंडचं 'सायेब', आणि तीन दिवसांनी येणाऱ्या टँकरच्या पहिल्या दोन घागरी. खुर्ची आणि 'सायेब' त्याच्या यादीत वर होते. बायको गजराबाई यादी खालून वाचायची.

"तुमचं फुडारपण म्हंजी माज्या दोन घागरी," ती म्हणायची. "त्या गेल्या की तुमी नुस्ते बिभीषण."

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. बेंबळीच्या आसपास हिरवं काही उरलं होतं ते बाभळीवर आणि कचेरीतल्या टेबलक्लॉथवर. अशात उस्मानाबादेत तीन दिवसांचं 'नेतृत्व आणि बदल' शिबिर झालं. बिभीषण सहा जेवणं आणि एक वही पदरात पाडून परतला. वहीत नेतृत्वाचे तीन सिद्धांत होते. शिबिराचे साहेब शुक्रवारी सोसायटीत झालेला बदल बघायला येणार होते. "बदल दिसला नाही, तर अध्यक्ष बदलू," असं ते हसत म्हणाले होते. ते हसणं खरं की खोटं, हे तेवढं वहीत नव्हतं.

आता सोसायटीत बदलण्याजोगं एकच होतं. पंधरा घरच्या ऐंशी शेळ्या बौद्धवाड्यातली सरुबाई चारायची. लांब काठीला विळा बांधलेली आकडी ती बाभळीत अडकवी, फांदी कडकन मोडे, आणि शेळ्या पाल्यावर तुटून पडत. बिभीषणनं जाहीर केलं, "आजपासनं कळप अध्यक्ष हाकणार."

"हाका की," सरुबाई म्हणाली आणि पाय पसरून बसली.

सोमवारी पहिला सिद्धांत: नेता जन्मालाच यावा लागतो. बिभीषणनं फेटा बांधला, छाती काढली आणि गरजला, "चला!" ऐंशी शेळ्या बसल्या. एका बोकडानं उभ्या उभ्याच अध्यक्षांची वहाण भिजवली.

मंगळवारी दुसरा: सगळ्यांना निर्णयात घ्यावं. सभा भरली. ओढ्याकडं जायला आठ मतं पडली, माळाकडं सात. शेळ्यांना मत नव्हतं, त्या सभासद गुंडाप्पाच्या छपरावर चढल्या. छपराचं काड खाऊन होईपर्यंत उतरल्या नाहीत.

बुधवारी तिसरा: परिस्थिती बघून नेत्यानं बदलावं. बिभीषण बदलला आणि सरुबाईच्या दारी जाऊन म्हणाला, "सरुबाई, ती आकडी द्या की दोन दिस."

"न्या. पर जपून. फांदी मोडल्याचा आवाज झाला की त्या माणूस वळखत न्हाईत."

'न्या'च्या पुढचं त्यानं ऐकलं नाही. आकडी खांद्यावर येताच ऐंशी शेळ्या मागं चालू लागल्या होत्या.

शुक्रवारी साहेबांसाठी स्वागताची कमान उभारली. आंब्याचे डहाळे कुठून आणणार? गुंडाप्पानं बाभळीच्या कोवळ्या फांद्याच बांधल्या. कमानीखाली खुर्ची, खुर्चीत साहेब, मागं नेतृत्वाचा तक्ता. समोरून अध्यक्ष, आणि त्यांच्यामागं शिस्तीत सोसायटी.

"वा! याला म्हणतात अनुयायी!" साहेब टाळ्या वाजवत म्हणाले.

बिभीषण असा फुलला, की सलामीला त्यानं आकडी उंच उचलली. ती कमानीत अडकली. त्यानं हिसका दिला. कडकन आवाज झाला.

ऐंशी शेळ्यांनी जेवायची वेळ झाली असं धरलं. पहिल्या लाटेत कमान गेली, दुसऱ्या लाटेत साहेबांचा हार आणि तक्त्यातला 'जन्मजात'. खुर्चीचा डावा हात मोडला. साहेब नुकत्याच आलेल्या टँकरवर चढले. बिभीषण पळाला, पण आकडी हातात असल्यानं कळपही मागं पळाला. टँकरला सात फेऱ्या झाल्या.

"अहो, आकडी टाका!" साहेब वरून ओरडले.

"टाकली तर अध्यक्ष कोण?" बिभीषण धापा टाकत म्हणाला.

सरुबाईनं वाटेत उभं राहून आकडी काढून घेतली आणि विळा खाली करून जमिनीवर टेकवला. ही पाला संपल्याची खूण. शेळ्या गप बसल्या.

"बाई, तुमची पद्धत कोणती?" साहेबांनी वरूनच विचारलं.

"पद्धत कसली, सायेब. पाला पडस्तवर म्या म्होरं, पडला की मागं. मधी हुभं राह्यलं की तुडवत्यात."

साहेबांनी उरलेल्या तक्त्यावर ते लिहून घेतलं. नवा अध्यक्ष निवडायची सभा तिथंच झाली. चौदा हात सरुबाईसाठी वर गेले, पंधरावा, बिभीषणचा, गुडघा चोळत होता. टँकर वळला आणि पहिल्यांदाच आधी बौद्धवाड्याच्या तोंडाशी थांबला.

गजराबाईनं दोन्ही घागरी नवऱ्यापुढं ठेवल्या. "जावा. परिस्थिती बघून बदलायचं, व्हय न्हवं?"

एकूण हिशेब असा: साहेबांचा एक तक्ता आणि एक हार, गुंडाप्पाचं एक छप्पर, सोसायटीच्या खुर्चीचा एक हात. सरुबाईच्या पदरात पहिल्या दोन घागरी. शेळ्यांना काहीच भरावं लागलं नाही, उलट कमान फुकट मिळाली. बाकी सगळं बिभीषणनं डोक्यावरून फेडलं, दर तिसऱ्या दिवशी, रांगेत सदतिसावा उभा राहून.