रिकाम्या खोलीची अट

देशात शिकायचं तर माणूस कुठला आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. सोनाळ्याच्या छायाने ते बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर मन लावून केलं होतं. तिच्या फायलीत अधिवासाचा दाखला होता, जातीचा दाखला होता, त्या दाखल्याच्या खरेपणाचा वेगळा दाखला होता आणि वडील फार श्रीमंत नाहीत याचा सरकारी पुरावा होता. शिवाय मधलं एक वर्ष ती घरीच होती, दुसरं काही करत नव्हती, असं स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र. तिचा बाप शालिग्राम या फायलीपायी संग्रामपूरला इतक्यांदा गेला की तहसीलचा शिपाई त्याला संत्र्याच्या बहराबद्दल विचारू लागला. एवढं होऊन एम.एस्सी.च्या प्रवेशाची यादी छायाच्या नावाच्या थोडी अलीकडेच संपली.

मग तिच्या चुलतभावाने, कुलदीपने, आपल्या झेरॉक्सच्या दुकानात नेदरलँडमधल्या एका विद्यापीठाचं पान उघडलं. मातीचं शास्त्र शिकवतात, आणि निवड झालेल्याचा खर्चही तेच करतात. पानावर प्रवेशाच्या दोन वाटा होत्या. एक तिथल्या विद्यार्थ्यांसाठी, दुसरी आंतरराष्ट्रीय. शालिग्रामने सवयीने पहिल्या वाटेवर बोट ठेवलं.

"काका, आपन दुसऱ्यातले," कुलदीप म्हणाला. "आंतरराष्ट्रीय."

शालिग्राम अकोल्यापलीकडे कधी गेला नव्हता. असा दर्जा एकही दाखला न काढता घरबसल्या मिळतो, हे पचायला त्याला वेळ लागला. संध्याकाळी त्याने घरी सांगितलं, तेव्हा त्याच्या आईने, सुभद्राबाईने, चुलीपुढून विचारलं, "अन् मीबी का?" हो म्हटल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

अटी थोड्या होत्या. पदवी, गुण आणि इंग्रजीची परीक्षा. मधल्या वर्षी ती कुठे होती, हे त्या लोकांना जाणून घ्यायचंच नव्हतं. शालिग्रामला हा ढिसाळपणा वाटला. परीक्षा घरीच, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर. त्यात मात्र एक अट होती. परीक्षार्थी खोलीत एकटा हवा, दार बंद हवं, आणि दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर परीक्षा रद्द. अर्जाची मुदत इतकी जवळ आली होती की रद्द झाली तर यंदाचं वर्ष गेलंच.

तेव्हा कुठे घरादाराला कळलं की ही अट इंग्रजीपेक्षा अवघड आहे. अधिवासाचा दाखला तहसीलदार देतात, एकांताचा कोण देणार? तीन खोल्यांत नऊ माणसं. छाया जन्मल्यापासून खोलीत एकटी अशी कधी बसलीच नव्हती. बी.एस्सी.चा अभ्यास तिने तूर निवडणाऱ्या बायकांच्या मधोमध केला होता. दार लागेल अशी खोली एकच, आणि तिच्यात भाव वाढायची वाट पाहत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. शेवटी कापूस मागे दाबून टेबलापुरती जागा करायचं ठरलं. खोलीला गल्लीकडे एक खिडकी होती. ती अर्धीच लागे.

खिडकीसमोर किसनरावची पिठाची गिरणी. शालिग्राम त्याच्याकडे गेला आणि एक दुपार गिरणी बंद ठेवशील का म्हणून विचारलं. पोरीला एकटं बसायचंय, असं कारण सांगितलं.

किसनरावने हात झटकले. "एकटं? काऊन? काही चुकलं का तिचं?"

चुकलं नाही, परीक्षा आहे, हे समजावता समजावता गिरणीत दळण घेऊन आलेल्या सगळ्यांना समजलं आणि रात्रीच्या आत गावाला समजलं. गावाने मनावर घेतलं. देवळाचा भोंगा बंद ठेवायचं ठरलं. शेजारच्या तानाबाईने शेळ्या दूरच्या वावरात न्यायचं कबूल केलं. कुलदीपने दारावर पाटी लावली: शांतता. अशा पाटीचा या गावात आजवर काही उपयोग झालेला नव्हता.

परीक्षेच्या दुपारी गिरणी थांबली. मग ज्यांनी ज्यांनी शांतता दिली होती ते सगळे ती नीट पाळली जाते की नाही हे बघायला आले. गल्ली भरली. खिडकीखाली माणसं उकिडवी बसली, बाया ओट्यावर टेकल्या, आणि कुणीही शब्द काढला नाही. वाळलेलं पान सिमेंटच्या रस्त्यावरून सरकत गेलं, ते सगळ्यांनी ऐकलं. गावात पान असं वाजतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आत काय झालं ते छायाने नंतर सांगितलं. पडद्यावरून परीक्षा घेणाऱ्या तिकडच्या बाईंनी कॅमेरा चारी भिंतींवरून फिरवायला लावला आणि त्या कापसाशी थबकल्या. हे पांढरं काय आहे, यात कुणी लपलेलं नाही ना, असं त्यांनी विचारलं. बाईंच्या अंगात सुती शर्ट होता. छायाने काठी घेऊन ढिगात सगळीकडे खुपसून दाखवली.

वाचणं झालं, लिहिणं झालं. शेवटी बोलायचं होतं. प्रश्न आला आणि छाया गप्प बसली. एवढ्या शांततेत तिने कधी विचारच केला नव्हता. शब्द होते, पण ते ज्या गलक्यात पाठ केले होते तो गलका कुठे नव्हता.

बाहेर गल्लीला ते कळलं. सुभद्राबाई खिडकीला अगदी लागून बसली होती. तिचे ओठ हलले. नात अडली की "बोल वं माय" म्हणायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हातारीने पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

आणि आतून आवाज आला. आधी बारीक, मग पाटाचं पाणी वाफ्यात शिरावं तसा पसरत गेला. गल्लीला दोन शब्द कळले, 'सोनाळा' आणि 'ऑरेंज'. बाकीचे कळायची गरजही कुणाला वाटली नाही. या गल्लीत बाईमाणूस एवढं सलग बोललं आणि मधे कुणी 'मी काय म्हणतो' म्हणून घुसलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. भाषणाला आलेल्या पुढाऱ्यालाही वाक्य पूर्ण करू न देणारा किसनराव पिठाचे हात तसेच धरून उभा होता. देवळात उभं राहावं, तसा. कुणीतरी टोपी काढली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आवाज थांबला. थोड्या वेळाने कडी वाजली. छाया केसांत कापूस घेऊन दारात आली आणि सगळं गाव बघून तिथंच खिळली.

"झालं," ती म्हणाली. "रद्द नाई केली त्याइनं."

तरीही कुणी बोलेना. सुभद्राबाईने तोंडातला पदर काढला. "काय इचारलं वं त्या बाईनं?"

"आपलं गाव कसं हाय, ते सांग म्हने."

"मंग?"

"म्या सांगतलं, लय गलका असते."

सुभद्राबाईने गल्लीभर बसलेल्या मुक्या गावावरून एकदा नजर फिरवली.

"त्या बाईले खरं वाटलं का?" तिने विचारलं, तेसुद्धा हळू आवाजात.