एका रक्ताचे दोन दंड

जिमच्या दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा एक फोटो दिसे. दोन जुळे भाऊ, दोघेही उघड्या अंगाचे. नाक, भुवया, हनुवटीवरची खळीसुद्धा तीच. डावीकडे थोरला, अकरा मिनिटांनी मोठा. छाती अशी की तयार सदरा कधी अंगात शिरला नाही. उजवीकडे धाकटा, त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. खाली ठळक अक्षरांत डावीकडे ‘रक्त एकच’ आणि उजवीकडे ‘फरक मेहनतीचा’.

डोकं जिमच्या मालकांचं. ‘शरीर बापाकडूनच यावं लागतं’ अशी रड घेऊन कुणी आला की ते त्याला फोटोसमोर उभं करत. “खाण तशी माती म्हणतोस ना? मग बघ. आईबाप एक, घर एक, जन्माचा दिवस एक. एक पैलवान झाला आणि दुसरा काडी. आता बोल.” समोरचा नाव नोंदवून जाई.

फोटो काढला त्या दिवशी धाकटा बर्फाच्या कारखान्यातली पहाटेची पाळी संपवून थेट तिथे आला होता. फोटोवाला म्हणाला, “खांदे जरा पाडा, आळशी दिसायला हवं.” ते आधीच पडलेले होते. पुढे भिंतीवरचा फोटो बघून धाकटा ठसका लागेपर्यंत हसला. “चला, दादाच्या पुण्याईनं मीही भिंतीवर चढलो,” म्हणाला.

थोरलाही हसला. पण खालचा मजकूर त्याला मनातून पटला होता. माणसाला आपला घाम तेवढा दिसतो. दुसऱ्याचा दिसायला डोळे लागतात. आणि त्या घरात आंधळी फक्त आई आहे, असं सगळे समजत.

दोन्ही डोळे गेलेली आई मुलांना दंडावरून ओळखे. दार वाजलं की हात पुढे करून चाचपे. “थोरल्या, आलास.” नाहीतर, “धाकट्या, हात केवढे गार रे, पुसून घे आधी.” जेवायलाही तीच वाढे. दोन ताटं, प्रत्येकात दोन उकडलेली अंडी. धाकटा म्हणे, “मला वास सोसत नाही,” आणि आपली दोन्ही थोरल्याच्या ताटात सरकवी. थोरला खाई आणि वर ऐकवी, “तुझ्या अंगाला तसंही काही लागत नाही. तुझी ठेवणच तशी.” म्हणजे जिममध्ये मेहनत आणि घरी ठेवण. जिथे जे सोयीचं, तिथे ते.

थोरल्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात धाकट्याला ताप भरला, खोकला छातीत उतरला.

“चार जोर मारले असतेस तर ताप जवळ फिरकला नसता,” थोरला म्हणाला.

“मारतो की. तुझी स्पर्धा होऊ दे,” धाकटा म्हणाला आणि स्वेटर चढवून पाळीला गेला.

स्पर्धेत थोरला दुसरा आला. ढाल घेऊन घरी पोचला तेव्हा धाकट्याला दवाखान्यात नेलेलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया बरा होण्यासारखा होता, पण झुंजायला अंगात काही शिल्लकच नव्हतं.

त्याचं सामान आणायला थोरला कारखान्यात गेला. बर्फाच्या लादीचं दुसरं टोक धरणारा त्याचा जोडीदार लादी ओढायचा लोखंडी आकडा आणि हातमोजे काढून देत म्हणाला, “लाद्या ओढताना तो कधी मागे राहिला नाही. आम्ही बसायचो, हा उभाच. पोटाला चिमटा काढून किती राबायचं माणसानं? एकदा मी त्याला डब्यातलं अंडं दिलं. त्यानं सोललं, मीठ लावलं, आणि न खाता रुमालात बांधलं. म्हणाला, मला फार आवडतं, पण घरी पैलवान आहे.”

थोरल्याला तो रुमाल आठवला. “चेपलेलं कशाला आणलंस?” असं म्हणून त्यानं ते खाल्लं होतं. आता कारखान्याच्या ओल्या फरशीवर तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. जोडीदार त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

तिथून तो जिममध्ये गेला आणि फोटो मागितला. “मी उतरवणारच होतो,” मालक म्हणाले. “गेलेल्या माणसाचा फोटो असा बरा दिसत नाही.” थोरल्यानं तो मधोमध कापला. आपला अर्धा भाग तिथेच टाकला, धाकट्याचा घरी आणून भिंतीला लावला. त्याच्या पायाशी ‘फरक मेहनतीचा’ हे शब्द तसेच राहिले. ते त्यानं कापले नाहीत.

पुढच्या आठवड्यापासून तो धाकट्याच्या जागी कामाला लागला. जिम सुटली. अंडी त्याला समोर बघवेनात, म्हणून आईला सांगून ती बंदच केली होती. सहा महिन्यांत छाती उतरली, दंड सुकले, खांदे पडले. रस्त्यात लोक त्याला बघून दचकत.

एका दुपारी तो पाळी संपवून आला. आई भिंतीला टेकून पेंगत होती. पावलं वाजताच तिनं झोपेतच हात पुढे केला. बारीक दंड, गार पंजा.

“धाकट्या, आलास?”

थोरल्यानं दंड तिच्या हातात तसाच राहू दिला.

शेजारणीनं दिलेली दोन अंडी तिनं उकडून झाकून ठेवली होती. ते ताट चाचपत तिनं पुढे ढकललं आणि आवाज खाली आणला. “तो यायच्या आत खाऊन घे. रोज त्याच्या ताटात सरकवतोस, मला ऐकू येतं रे. बोलले नाही कधी. आज तरी तुझं तू खा.”

थोरला तिच्याजवळ बसला. आईचा हात त्याच्या दंडावरून फिरत होता. फिरता फिरता तो थांबला. धाकटा गेल्याचं तिला आठवलं होतं. तिनं हात काढला नाही.

“खातो, आई,” तो म्हणाला.

त्यानं अंडं तोंडात घातलं. ते गिळायला त्याला फार वेळ लागला.