तीन पाण्यांची भाजी

मुहोंजाला सातवा महिना आणि अंगात रक्त आठ. मारागोलीच्या दवाखान्यातल्या नर्स खसांदीबाईंनी मागेच बजावलं होतं, महिनाभरात दहावर गेलं नाही तर बाळंतपण इथं नाही, किसुमूच्या मोठ्या दवाखान्यात जा. लोहाच्या गोळ्या संपलेल्या. गोळ्या नाहीत तर पाला खा, म्हणे. खाल्ला बिचारीने, रोज. आज मोजलं तर साडेसात.

"हिला काय खायला घालता, मावशी?"

"त्सिसागाचा पाला," सासू जेंदेका ताठ बसून म्हणाली. "माझ्या परसातला. बाजारचा कोबी नाही घालत मी."

"शिजवता कसा?"

"उकळायचा, पाणी ओतायचं. असं तीनदा. मग रात्रभर दुधात. कडूपणाचं नाव नाही."

खसांदीबाईंनी पेन खाली ठेवलं. "पाणी कुठं ओतता?"

"केळीच्या बुडाशी."

"मग केळ सुखरूप बाळंत होईल. पाल्यातलं निम्मं सत्त्व तिच्याच पोटात गेलंय."

मुहोंजाला हसू आलं नाही. भिंतीवर त्याच पाल्याचं रंगीत चित्र होतं, खाली त्याचे गुण. तिच्या शाळेत याच पाल्याला गरिबाचं तण म्हणून हिणवायचे. आता गुण लिहिले, पण चूल कुणाच्या हातात असते ते कोण लिहिणार?

वाटेत ती म्हणाली, "आई, एकच पाणी टाका ना."

"आणि शेजारीण वाटीभर मागायला आली तर? भाजी कडू म्हणजे घरच्या बाईला सरपण आणायचा आळस, असं बोलतात."

"बोलू देत की."

"तुझी चूल होईल तेव्हा काय ते कर."

सून पहिलटकरीण. मूल झाल्यावर सासू हाताने चूल मांडून देते, तोवर सासूच्याच चुलीवरचं खायचं. मुहोंजाच्या डोक्यात तिडीक गेली. किसुमूला जायचं, परक्याचं रक्त घ्यायचं, कदाचित मरायचं, आणि कशासाठी? तर शेजारणीच्या वाटीसाठी!

सकाळी तिने घरामागे तीन दगड मांडले. पाला एका पाण्यात शिजवला आणि तेही पाणी ठेवलं. जेंदेका कुदळ घेऊन आली ती थबकलीच.

"हे काय?"

"चूल."

"मी दिलेली नाही."

"नाही दिलीत. मी घेतली."

"मूल झाल्यावर देतात, ठाऊक आहे ना?"

"मूल व्हावं म्हणूनच मांडली, आई."

जेंदेकाने भांड्यात बोट बुडवून चाटलं आणि ती थुंकली. "गुरंसुद्धा खाणार नाहीत."

"नाही खाणार," मुहोंजा म्हणाली आणि मक्याच्या उगालीचा गोळा त्यात बुडवून खाऊ लागली. डोळ्यांत पाणी आलं, तरी वाटी संपवली. दुसरी भरून घेतली.

सासूने भांड्यातलं एक पान उचलून बोटांत चुरडलं.

"जून पानं घेतलीस, म्हणून इतकं कडू," ती चिडून म्हणाली. "शेंड्याची कोवळी घ्यायची. उद्यापासून मी खुडून देईन. पण चूल मी दिलेली नाही, हे साऱ्या गावाला सांगणार आहे."

"सांगा," मुहोंजा म्हणाली.