उशांचा कळप

शिंपिणीने दातांनी दोरा तोडला, हातातली उशी दाबून बघितली आणि शिवणखोलीच्या दारातून बाहेरच्या खोलीत भिरकावली. उशी लहानशीच होती. कोणाच्या तरी पडद्याच्या उरलेल्या हिरव्या कापडाची, आत नुसत्या चिंध्या. ती फरशीवर घसरत थांबते न थांबते तोच भुंग्या कुत्रा तिला वळसा घालून पलीकडे पोचला होता. त्याने ती तोंडात धरली नाही, फाडली तर नाहीच. नाकाने हलकेच ढकलत तो तिला कपाटाजवळच्या कोपऱ्यात घेऊन गेला, तिथे आधी पडलेल्या दोन उशांना नेऊन भिडवली आणि समोर पोट टेकून बसला.

“हे हवं होतं होय याला,” ती म्हणाली.

“कधीपासून सांगतोय मी,” खिडकीपाशी बसलेले वडील म्हणाले. त्यांच्या मांडीवर बटणांचा डबा होता आणि चार भोकांची बटणं ते दोन भोकांच्या बटणांतून वेगळी करत होते. “त्याला खायला नकोय. त्याला काहीतरी विस्कटलेलं लागतं.”

आता हे सांगायला सोपं होतं. त्याआधी शिंपीणबाईने खेळण्यांसाठी सगळा बाजार पालथा घातला होता. आत खाऊ भरायचा रबरी चेंडू आणला, तो भुंग्याने एका दुपारी समजून घेतला आणि नंतर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. टॉवेलमध्ये बिस्किटं गुंडाळून गाठी मारून दिल्या, तर याने गाठी सोडवून टॉवेल बाजूला ठेवला. ओढाओढीची दोरी आणली, तिच्याशी फक्त बाईचा नवराच खेळला. नवरा बस चालवायचा आणि दिवसभराचा शीण घरी थट्टेवर काढायचा. “माझ्या लहानपणी मला एकच चेंडू होता,” तो म्हणाला, “आणि तोही शेजाऱ्यांचा.”

भुंग्याचा स्वभावच तसा. काळापांढरा, सडपातळ, एक डोळा निळसर. जन्मापासून डोंगरावर मेंढ्या वळलेला कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत काय करणार? तो चपला एका जागी गोळा करायचा. खुर्च्यांभोवती गोल गोल फिरून खालच्या मजल्यावरच्यांचं डोकं उठवायचा. आणि एकदा तर त्याने कहर केला. पडद्यांचं माप द्यायला आलेल्या तीन बायकांना इस्त्रीच्या टेबलामागे कोंडलं आणि हलू दिलं नाही. चावला नाही, भुंकलाही नाही, नुसता बघत राहिला. वडिलांनी आतून शिट्टी मारली तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यातली एक निघाली घरमालकाची बहीण. झालं, संध्याकाळी घरमालक दारात हजर. “महिनाअखेरपर्यंत बघतो,” तो म्हणाला. “सुधारला तर ठीक. नाहीतर कुत्रा इथे राहणार नाही.”

बाई घाबरली ती कुत्र्यापायी नाही. आई गेल्यावर वडील डोंगरावर एकटेच राहिले होते, आणि गेल्या हिवाळ्यात उतारावर पाय घसरून पडले. भुंग्याने भुंकून भुंकून माणसं आणली म्हणून निभावलं. मग तिने हट्टच धरला. कळप खिंडीपलीकडच्या एका मेंढीवाल्याला विकला आणि वडिलांना इकडे आणलं. मेंढीवाल्याने कुत्राही मागितला होता. वडिलांनी त्याला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. इथे आल्यावर पंजाला जखम झाली म्हणून भुंग्याला दोन रात्री जनावरांच्या डॉक्टरकडे ठेवावं लागलं, तेव्हा वडील दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून होते. पायातले बूटही त्यांनी काढले नव्हते. कुत्रा गेला तर हे एक दिवस इथे टिकायचे नाहीत, हे तिला तेव्हाच कळलं. आणि टिकले नाहीत तर जाणार कुठे? वर त्या रिकाम्या घरात, एकटे, दुखऱ्या कंबरेने.

म्हणून ती उशा शिवत सुटली. हिरवी, फुलाफुलांची, पट्ट्यापट्ट्यांची, हाताला लागेल त्या तुकड्याची. चांगला डझनभर उशांचा कळप झाल्यावर वडील म्हणाले, “आता खोली पुरायची नाही. गच्चीवर चल.”

गच्चीवर तिने उशा चहूकडे फेकल्या. वडील पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी दोन बोटं ओठांत घालून शिट्टी मारली. लांब शिट्टी झाली की भुंग्या डावीकडून वळसा घ्यायचा, दोन तुटक झाल्या की उजवीकडून. बारीक, खाली उतरत जाणारी शिट्टी ऐकली की जिथे असेल तिथे पोट टेकायचा. उशा एक एक करून जवळ येत गेल्या. मग वडिलांनी त्याला त्या गोळ्यातून फक्त पट्ट्यांची उशी वेगळी काढायला लावली, आणि त्याने ती काढली. बाई शिवणकाम विसरून बघत राहिली. तिने वडिलांना इतकं ताठ उभं राहिलेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग रोजचाच परिपाठ झाला. सकाळी एकदा, ऊन उतरल्यावर एकदा. भुंग्या दमून खाली यायचा आणि मशीनखाली गाढ झोपायचा. चपला जागच्या जागी राहू लागल्या. खालच्या मजल्यावरची तक्रार बंद झाली. महिनाअखेरीला घरमालक आला तो थेट गच्चीवर गेला, वडिलांशेजारी उभा राहून त्याने सगळा खेळ पाहिला आणि जाताना म्हणाला, “हा राहू दे. माझ्या बहिणीला मी समजावतो.”

बाईचा जीव भांड्यात पडला. “जिंकलो बाबा,” ती म्हणाली.

वडील नुसते हसले.

त्यानंतरच्या एका सकाळी जोराचा वारा होता. खेळताना फुलाफुलांची एक उशी टाकीखालच्या फटीत गेली आणि अडकली. कोणाच्या लक्षात आलं नाही. बाकीच्या उशा पोत्यात भरून दोघं खाली आली, भुंग्या मात्र आला नाही. हाक मारली तरी नाही. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा वडील कठडा धरत धरत वर गेले, मागून ती.

भुंग्या टाकीसमोर पोटावर पडला होता. वाऱ्याने त्याचे केस उलटे फिरत होते. त्याची नजर त्या उशीवर खिळली होती. मध्येच तो थोडा पुढे सरकायचा, तिला नाक लावायचा आणि पुन्हा मागे होऊन वाट बघायचा.

“काय करतोय हा?” तिने विचारलं.

“ती उठायची वाट बघतोय,” वडील म्हणाले. “आजारी मेंढी असली की असाच बसायचा. ती उठेपर्यंत सोडून यायचा नाही.”

ते कसेबसे वाकले, उशी ओढून काढली आणि आपल्या कोटात, अगदी पोटाशी घेतली. तेव्हा कुठे भुंग्या उठला आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरला.

दुपारी ती मशीनवर बसली असताना वडील दारात येऊन उभे राहिले. “त्या मेंढीवाल्याला फोन लाव,” ते म्हणाले. “म्हणावं, कुत्रा घेऊन जा.”

तिचा पाय मशीनवरच थांबला. “बाबा, आता? आता तर सगळं सुरळीत झालंय. घरमालकसुद्धा हो म्हणाला.”

“ते झालं.”

“मग कशाला? त्याला इथे करमतंय की. मजेत खेळतो.”

“तो खेळत नाही गं,” वडील म्हणाले. “आपण खेळतो. त्याला ते खरंच वाटतं. चिंध्यांचा कळप राखतोय तो, जीव तोडून, आणि मी शिट्ट्या मारून त्याला फसवतोय.”

“मी पण तुमच्यासाठीच केलं ना हे सगळं,” ती म्हणाली. “तुम्ही इथे रमावं म्हणून.”

“माहीत आहे मला. बटणंही त्यासाठीच देतेस.”

तिने चमकून वर पाहिलं.

“मी दुपारी आडवा झालो की तू ती परत एकत्र करतेस,” वडील म्हणाले. ते रागावले नव्हते, उलट समजूत घातल्यासारखं बोलत होते. “खालची वर आणतेस, वरची खाली ढकलतेस. कालचंच बटण आज हातात आलं की ओळखू येतं गं. माझं काही म्हणणं नाही. मला कळतं, म्हणून मी खेळू शकतो. त्याला कळत नाही.”

तिने मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं, मग तोंडावर पदरासारखं धरलं आणि रडली. वडील जवळ येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग तिने नाक पुसलं आणि फोन लावला.

मेंढीवाला दुसऱ्याच दिवशी टेंपो घेऊन आला. आडदांड, लाजरा माणूस. मागच्या हौद्यात त्याने मऊ गवत पसरलं होतं. भुंग्या गवताचा वास घेऊन एका उडीत वर चढला, अंगभर शहारला आणि मग वळून वडिलांकडे बघत उभा राहिला. बाईला वाटलं होतं तो खळखळ करेल. त्याला वाटलं असावं, आता सगळेच निघालोत.

“शिट्टी येते ना?” वडिलांनी विचारलं.

मेंढीवाल्याने ओठांचा चंबू केला. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, आणखी थोडी हवा. भुंग्याने कान टवकारले आणि पाडले.

“अशाने मेंढी काय, कोंबडी वळायची नाही,” वडील म्हणाले. “बोटं घाल. ती नाही, ही दोन. जीभ मागे. अरे, मागे म्हणजे गिळायला नाही सांगितली.”

बाईचा नवरा खो खो हसला. बाईही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष वडिलांच्या पायांकडे गेलं. ते बूट घालून खाली आले होते. एरवी खालपर्यंत यायचं तर ते सपातांवर यायचे. ती तशीच बघत राहिली. वडील त्या माणसाची बोटं धरून धरून दाखवत होते आणि त्यांचा चेहरा गच्चीवर असायचा तसा झाला होता.

“तुमच्याकडे घरात कोण असतं?” तिने मेंढीवाल्याला मध्येच विचारलं.

“आई आहे. बायको, पोरं. का हो?”

“जिना?”

“जिना कुठला? बैठं घर आहे.”

ती तडक वर गेली. थोड्या वेळाने आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती. “जाड स्वेटर आहे,” ती वडिलांना म्हणाली. “कंबरेच्या गोळ्या वरच्या कप्प्यात. सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी, आणि उतारावर एकट्याने जायचं नाही. याला शिट्ट्या शिकवल्याशिवाय कुत्र्याचं कसं होणार?”

वडिलांनी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“दोन-चार दिवसांचं काम आहे,” ते म्हणाले. “जरा ठोंब्या दिसतो, पण शिकेल.”

ते मागे कुत्र्याजवळ चढायला निघाले होते. तिने दंडाला धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि दार नीट लावून घेतलं. मग टेंपोला वळसा घालून ती मेंढीवाल्याच्या खिडकीपाशी गेली.

“तुम्हाला खरंच येत नाही शिट्टी?” तिने हळूच विचारलं.

“नाही हो ताई,” तो ओशाळून म्हणाला. “पण शिकेन लवकर.”

“काही घाई नाही,” ती म्हणाली. “सावकाश शिका.”