ग्लॅडिस एरियलवर बसली

ज्याच्या घरी इंटरनेट होतं तो स्वतःच्या कानाने, नसेल तो शेजाऱ्याच्या तोंडून, पण बेरिल स्टोबार्टचा कार्यक्रम क्रॉबर्न गावात सगळ्यांपर्यंत पोचायचा. पोचत नव्हता तो फक्त तिच्या नवऱ्यापर्यंत.

दर गुरुवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत ती माईकसमोर बसायची आणि गावाशी गप्पा मारायची. कोणाचा गुडघा बदलला, कोणाच्या बागेतले कांदे सडले, मधूनमधून जुनी गाणी. लोक मात्र थांबायचे ते शेवटच्या भागासाठी. त्याचं नाव 'आमचे साहेब'. साहेब म्हणजे एरिक. जन्मभर बस चालवून आता कबुतरं पाळणारा, शर्यतीची कबुतरं. एरिकने लग्नाच्या वाढदिवसाला तिला कबुतरांच्या खाण्याचं पोतं कसं भेट दिलं (घरात जड वस्तू उचलायची तिला आवड आहे म्हणे), हे तिने सांगितलं तेव्हा खाटकाच्या दुकानात लोक डोळे पुसत होते.

एरिकला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. क्रॉबर्न रेडिओ ऐकू यायचा तो फक्त इंटरनेटवर, आणि एरिक इंटरनेटच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. "रेडिओ असेल तर रेडिओवर लागू दे की," तो म्हणायचा. "ढाबळीत आहे माझा रेडिओ. चांगला डिजिटल आहे."

ते खरंच होतं. परसातल्या ढाबळीत, खिळ्याला टांगलेला, कबुतरांना माणसांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून दिवसभर चालू असलेला. देशातल्या सगळ्या मोठ्या केंद्रांची बडबड क्रॉबर्नची कबुतरं ऐकत होती. बेरिलची तेवढी नाही.

म्हणून लंडनच्या प्रसारण खात्याने खोऱ्यातल्या स्थानिक डिजिटल प्रसारणाचा परवाना देण्यासाठी अर्ज मागवले, तेव्हा सगळ्यात जास्त हुरूप आला तो बेरिलला. परवाना मिळाला की कार्यक्रम साध्या घरगुती रेडिओवर लागणार. वृद्धाश्रमातल्या बायकांना मिळणार, वरच्या वाडीवर मिळणार, असं ती सगळ्यांना सांगायची आणि ते खोटं नव्हतं. पण मनातून तिला एवढंच हवं होतं की त्या माणसाने आपल्याला एकदा ऐकावं. घरात ती बोलायला लागली की तो खिडकीतून आभाळाकडे बघायचा.

अडचण होती ती एरियलची. गाव खोऱ्याच्या तळाशी, सगळीकडे पोचायचं तर एरियल उंचावर हवा. आधी चर्चचा मनोरा ठरला. मग कळलं की मनोऱ्यात वटवाघळं राहतात, आणि वटवाघळांच्या केसालाही धक्का लावायला कायद्याने बंदी आहे. पाद्रीबुवा म्हणाले, माझ्यापेक्षा त्यांचा हक्क पक्का आहे.

"मावशी, आता एकच जागा उरलीय," केंद्र चालवणारी ट्रेसी म्हणाली. तिची आई बेरिलची मैत्रीण, त्यामुळे ट्रेसी लहानपणापासून तिला मावशीच म्हणायची. "वरची आळी. तुमचं परसू."

"परसू माझं नाही. तिथे मी कपडे वाळत घालते, तेही परवानगीने."

"मग साहेबांना विचारा."

"तोंडावर साहेब म्हणू नकोस हं त्याला."

एरिकने ऐकून घेतलं, पाईप नसलेल्या तोंडात पाईप असल्यासारखा ओठ आवळला आणि नाही म्हणाला. कबुतरं घरी कशी येतात हे कोणालाच नीट माहीत नाही. डोक्यात काहीतरी असतं त्यांच्या. त्यावर दिवसभर लाटांचा मारा केला आणि बिचारी वाट चुकून कुठेतरी भलतीकडे गेली तर? शेजारच्या गावात मोबाईलचा मनोरा झाला त्या वर्षी अर्धी पाखरं परतली नव्हती, असं कबुतरवाल्यांच्या क्लबात सगळेच म्हणायचे.

"त्या वर्षी ससाणाही होता," बेरिल म्हणाली.

"ससाणा दरवर्षी असतो."

शेवटी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या कीथने तोड काढली. केंद्राची सगळी यंत्रं तोच बघायचा. खात्याने एका दिवसाच्या चाचणी प्रसारणाला परवानगी दिली होती. ती चाचणी शर्यतीच्या दिवशीच करू. ढाबळीशेजारी खांब उभा करू. पाखरं घरी आली तर एरिकने जागेच्या संमतीवर सही करायची, नाही आली तर खांब उतरवून आपण चालते होऊ.

"ग्लॅडिस आली पाहिजे," एरिक म्हणाला. "बाकीच्यांचं सोड."

ग्लॅडिस ही त्याची लाडकी मादी. निळसर, ठेंगणी, आणि बेरिलच्या मते चेहऱ्यावरून शिष्ट.

शर्यतीच्या शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. पाखरं सकाळी दूर दक्षिणेत सोडली होती. कीथने खांब रोवला, वर एरियल चढवला, वाचनालयातून प्रसारण सुरू केलं, ढाबळीतला रेडिओही त्यावर लावून ठेवला. ट्रेसी गाडीत रेडिओ लावून खोरं फिरायला गेली, कुठे कुठे ऐकू येतं ते बघायला. बेरिल परसाचं दार उघडं टाकून स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी पावात हॅम भरत होती. ढाबळ बरोबर तिच्या समोर, ओट्यावरच्या खिडकीच्या रेषेत. आत मात्र ती कित्येक वर्षांत गेली नव्हती. पिसांनी तिला शिंका यायच्या.

एरिक ढाबळीपुढे मक्याच्या दाण्यांचा पत्र्याचा डबा घेऊन उभा होता. त्याने हात वर केला. आभाळात एक ठिपका होता.

"आली," तो पुटपुटला. "पहिली आहे. सगळ्यांच्या आधी आहे."

ग्लॅडिस आली. ढाबळीवर तिने एक गिरकी घेतली, नव्या खांबाकडे बघितलं आणि एरियलच्या अगदी टोकावर जाऊन बसली.

लाटांची चिंता सगळ्यांनी केली होती. बसायला नवी जागा होईल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शर्यतीत पाखरू घरी आलं एवढ्याने भागत नाही. ते ढाबळीत शिरायला हवं. पायातलं कडं दारातल्या पट्टीवर आलं की वेळ नोंदली जाते. तोवर ते गच्चीवर बसो नाहीतर राजवाड्यावर, जमेस धरत नाहीत.

एरिकने डबा वाजवला. हळूच, खुळ्ळ खुळ्ळ. ग्लॅडिसने पंख साफ करायला घेतला. तो एक शब्द बोलला नाही. नुसता डबा वाजवत राहिला, मान वर, पाय जमिनीला खिळलेले, कारण जराशी हालचाल झाली की ती उडाली असती.

तेवढ्यात ढाबळीतल्या रेडिओवरचं गाणं संपलं आणि बेरिलचा आवाज सुरू झाला.

"नमस्कार मंडळी. तर आमच्या साहेबांची नवी तऱ्हा ऐका."

बेरिलच्या हातातली सुरी थांबली. तिने उघड्या दारातून कीथकडे बघितलं. कीथने मोठ्या अभिमानाने अंगठा वर केला. "तुमचेच जुने कार्यक्रम लावलेत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्यात गाजलेले निवडून."

"बंद कर."

"कसं करणार? वाचनालयातून चाललंय. आणि पाखरू आत शिरेपर्यंत हलायचं नाही असं एरिकने सकाळीच बजावलंय."

पोत्याची गोष्ट झाली. एरिकने बहिणीच्या लग्नात नवरदेवाला कबुतरांच्या जुलाबावर व्याख्यान दिल्याची गोष्ट झाली. सगळं खोरं ऐकत होतं आणि त्याच्या मधोमध एरिक डबा घेऊन पुतळ्यासारखा उभा. त्याला आत जाऊन रेडिओ बंद करता येईना, पळून जाता येईना. त्याची मान मागून लाल होत चालली होती, एवढंच बेरिलला दिसत होतं.

आणि मग ती गोष्ट आली, जी आता यायला नको म्हणून ती मनातल्या मनात धावा करत होती.

"रोज सकाळी मी चहाचं आधण ठेवते," रेडिओतली बेरिल म्हणाली, "आणि समोर ढाबळीच्या खिडकीतून आवाज येतो. 'उठलीस का गं, राणी?' किती गोड विचारतात. ग्लॅडिसला. मला मात्र घरात येऊन विचारतात, पाव भाजला का. मंडळी, पुढच्या जन्मी मी पिसं घेऊनच येणार आहे."

त्या वेळी गाव पोट धरून हसलं होतं. आता परसात कोणी हसलं नाही. बेरिलला पहिल्यांदाच ऐकू आलं की त्या विनोदात विनोद फार थोडा होता. तिला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

पुढे दोन गाणी झाली तेव्हा कुठे ग्लॅडिस खाली उतरली आणि फाटकातून आल्यासारखी डौलात ढाबळीत शिरली. तोवर क्लबातल्या रॉनी डॉड्सचं पाखरू केव्हाच नोंदलं गेलं होतं.

एरिकने डबा खाली ठेवला. हात पुसले. कीथपुढचा कागद ओढला आणि सही केली.

"लाटांनी काही होत नाही," तो म्हणाला. "पण टोकावर काहीतरी टोचरं बसव. बसायची सोय कशाला करायची?"

बेरिलकडे न बघता त्याने हॅमचा पाव उचलला आणि ढाबळीत निघून गेला.

अर्ज गेला. वाट बघण्याचे महिने आले. त्या शनिवारबद्दल एरिक चकार शब्द काढेना. रागावला म्हणावं तर जेवत होता नीट. बेरिलने एकदा विचारून बघितलं, "त्या दिवशी रेडिओवर..." तर म्हणाला, "आवाज स्वच्छ येतो," आणि आभाळाकडे बघायला लागला. तिने 'आमचे साहेब' बंद करून त्या जागी लोणच्याच्या पाककृती सुरू केल्या. गावाला ते मुळीच आवडलं नाही. खाटकाने तर तोंडावर सांगितलं, की लोणचं त्याला बायकोकडूनच पुरे होतं.

मग एका दुपारी ट्रेसी धावत आली. "मिळाला. मावशी, परवाना मिळाला." तिने फोनवरची खात्याची घोषणा वाचून दाखवली. अर्जदाराची क्षमता, प्रसारणाचा पल्ला, स्थानिक केंद्रांचा सहभाग, सगळ्याचा साकल्याने विचार करून, वगैरे वगैरे, क्रॉबर्न खोऱ्याचा परवाना क्रॉबर्न रेडिओला देण्यात येत आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती. या परवान्यासाठी आलेले एकूण अर्ज: एक.

"एक?" बेरिल म्हणाली. "म्हणजे आपणच?"

"आपणच."

"आणि मी एवढे दिवस धास्तीने झोपले नाही?"

"पण निवड आपलीच झाली ना," ट्रेसी म्हणाली. "साकल्याने." मग दोघी पायरीवर बसून हसत सुटल्या.

उद्घाटनाच्या गुरुवारी माडीवरच्या खोलीत केक आला, पाद्रीबुवा आले, वटवाघळांतर्फे शुभेच्छा देऊन गेले. बेरिलने लोणच्याची पाककृती उघडली होती, तेवढ्यात काचेपलीकडून ट्रेसी विचित्र हातवारे करायला लागली. फोन आला होता. बेरिलने बटण दाबलं.

"क्रॉबर्न रेडिओ. कोण बोलतंय?"

"साहेब बोलतायत," एरिकचा आवाज आला.

बेरिलने लोणच्याची पाककृती उलटी करून ठेवली. 

"एक दुरुस्ती आहे," एरिक म्हणाला. "पोत्याचं खरंय. जुलाबाचंही खरंय, त्याने विचारलं होतं. पण ते सकाळचं चूक सांगितलंस तू."

"कोणतं?"

"ग्लॅडिस चार वर्षांची आहे. मी ते या घरात आल्यापासून म्हणतोय." त्याने घसा खाकरला. "आणि कबुतरांशी कोण बोलतं, बेरिल? त्यांना डबा वाजवायचा असतो. ढाबळीच्या खिडकीतून ओटा दिसतो. तू उभी असतेस तिथे."

"मग तू कधी बोलला का नाहीस?"

"रोज तर बोलत होतो. तूच कधी उत्तर दिलं नाहीस. म्हटलं, सकाळी बोलायला आवडत नसेल हिला."

त्याने फोन ठेवून दिला. बेरिलने गाणं लावलं, कुठलं ते तिलाही कळलं नाही, आणि ते संपेपर्यंत ट्रेसीच्या रुमालात तोंड घालून बसली. खाटकाचं दुकान त्या दिवशी उशिरा उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचं आधण ठेवलं. समोर टोचऱ्या टोकाचा खांब, त्याच्या बाजूला ढाबळीची लहानशी खिडकी, खिडकीत टोपी.

"उठलीस का गं, राणी?"

बेरिलने ओट्यावरून वाकून खिडकी उघडली. ती नीट उघडत नसे, जोर लावावा लागला.

"उठले," ती म्हणाली. "चहा टाकलाय. ये."