एकाहून मोठी

तिने मुद्रितांचं पहिलं पान उलटलं आणि लाल पेन्सिल तिथेच थांबली.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. स्वल्पविराम राहिलाय."

स्वल्पविराम खरोखरच राहिला होता. पण वरच्या ओळीतून दोन शब्दही गेले होते. गणिताचं हे पुस्तक दोघा भावंडांनी मिळून लिहिलं, तेव्हा मूळ संख्येची व्याख्या तिने केली होती: एकाहून मोठी, आणि एक व स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. नव्या आवृत्तीतून दादाने 'एकाहून मोठी' काढून टाकलं होतं, आणि मुखपृष्ठावरून तिचं नाव. म्हणे प्रकाशकाला दोन नावं नको होती. हे तिला कळलं ते दुकानातल्या जाहिरातीवरून. तेव्हापासून ती आतल्या आत धुमसत होती, आणि आज हा शहाणा पानं तपासून घ्यायला तिच्याच दारात आला होता.

"व्याख्या सुटसुटीत केलीस," ती म्हणाली.

"बाबा अशीच शिकवायचे की."

बाबा शिकवायचे, कारण त्यांच्या जुन्या पुस्तकात एक ही मूळ संख्याच होती. त्याच्याही फार आधी एकाला साधी संख्या म्हणायलासुद्धा लोक तयार नव्हते. पुढे कित्येक पंडितांनी त्याला मूळ संख्यांच्या पंक्तीला बसवलं आणि मग एक दिवस उठवलं. त्याचा गुन्हा काही नव्हता, तो फक्त अडचणीचा होता. बाराचे मूळ अवयव दोन, दोन आणि तीन. 'एकाहून मोठी' गाळून एकाला आत घेतलं की त्यात हवे तितके एक घुसडता येतात, आणि उत्तरांना अंत राहत नाही. दादाचं तिसरं प्रकरण तर ठासून सांगत होतं की उत्तर एकच. म्हणजे पहिलंच पान तिसऱ्या प्रकरणाच्या मुळावर उठलं होतं. नववीतली एखादी चुणचुणीत पोरगी भर वर्गात हात वर करेल आणि दादाची शोभा होईल. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

तिने शेवटपर्यंत पानं पाहिली आणि दोन-चार वेलांट्या सुधारल्या.

"छान झालंय."

"तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, चिंगे." दादाने पिशवीतून आणखी एक पान काढलं. "हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं."

ते ऋणनिर्देशाचं पान होतं आणि त्यावर तिचं एकटीचंच नाव होतं. सगळी मुद्रितं बहिणीने तपासली. हे पुस्तक निर्दोष आहे ते केवळ तिच्यामुळे.

मुद्रितं अजून तिच्या हाताशीच होती. दोन शब्द लिहायला कितीसा वेळ लागला असता?

तिने पेन्सिल उचलली आणि स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली.

"अगं, हे काय?"

"राहू दे दादा. सगळं तू केलंयस, श्रेयही तुझंच."

दादाचे डोळे भरून आले. तिने पानं नीट जुळवून पिशवीत घातली आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.