देवाच्या उजव्या अंगाचा पंखा

खडकओढा गावाच्या धार्मिक भावना दुखावल्या, तेव्हा त्या तालुक्याच्या कोर्टात आणायला दोन टेम्पो लागले. माणसं उतरताना मी मोजली. चव्वेचाळीस. बाजारचा दिवस होता आणि निम्म्यांच्या हातात रिकाम्या पिशव्या होत्या. त्यामुळे कितींच्या भावना दुखावल्या होत्या आणि कितींना मिरच्या घ्यायच्या होत्या, हे माझ्यासारख्या बेंच क्लार्कलाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

प्रकरण साधं होतं. खडकओढ्यात भैरोबाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली कळी चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. चौऱ्याण्णव साली सुभेदार लालासाहेब पलटणीतून रिटायर होऊन आले आणि त्यांनी देवळाला भिंतीवरचा पंखा दिला. तो देवाच्या उजव्या अंगाला बसला. त्यावर दात्याचं नाव आहे, ते देवाच्या नावापेक्षा दोन बोटं मोठं आहे.

शहाण्णव साली शाळेला दोन खोल्या मंजूर झाल्या. कौल आला, खोल्या ओढ्यापलीकडे लालासाहेबांच्या शेताला लागून बांधा. तिथं जायला रस्ता नव्हता. पण खोल्या झाल्या की रस्ता होणार होता, आणि त्यावरून पोरांच्या आधी लालासाहेबांचा ऊस जाणार होता. एवढं देवाला बरं कळलं.

ग्रामसभेत बुद्धभूषण गुरुजी उठले. जिल्हा परिषदेच्या शाळेत नऊ वर्षं नोकरी, गावातल्या बौद्ध वस्तीतलं पहिलं डी.एड. त्यांनी खिशातून वही काढली. पंखा बसल्यापासून झालेले तेवीस कौल त्यांनी तारखेसह लिहून ठेवले होते. उजवे एकवीस. वही मिटून ते म्हणाले, "कौल देव देत नाही, पंखा देतो."

या सहा शब्दांवर लालासाहेबांनी खाजगी फिर्याद ठोकली. कलम दोनशे अठ्ठ्याण्णव, जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणे. शिक्षा वर्षापर्यंत. शिक्षा झाली की मास्तरकी गेली.

तडजोडीची सोय होती. दर तारखेला फिर्यादीचे वकील उदयसिंह व्हरांड्यात तोच कागद पुढे करायचे: 'मी बोललो ते खोटे होते.' खाली सहीची जागा. त्या दिवशी, सातव्या तारखेला, गुरुजींच्या आई लक्ष्मीबाईही बरोबर आल्या होत्या.

"कर की रं सही," त्या म्हणाल्या. "पंखा काय तुझ्या बापाचा हाय व्हय? नोकरी मातुर तुझी हाय."

"आई, खोटं असतं तर केली असती. पंखा बंद करून पन्नास कौल लावा म्हणालो, तर कुणी लावत न्हाई."

"बाबासाहेबांनी शिक म्हणून सांगितलं," लक्ष्मीबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पर ह्यानं लयच मनावर घेतलं बगा, सायेब."

पुकारा झाला. लालासाहेबांनी पिंजऱ्यात उभं राहून ईश्वरसाक्ष शपथ घेतली, छाती काढून, परेडला उभे असल्यासारखं.

गुरुजींच्या वकील राजेश्वरीबाई साताऱ्याहून यायच्या. आवाज मऊ. साक्षीदाराला वाटायचं, बाई चहा विचारतायत.

"सुभेदार, तुमच्या भावना कधी दुखावल्या?"

"तवाच. ऑन द स्पॉट."

"फिर्याद तर नऊ दिवसांनी आहे."

"आमी देवाला इचारल्याबिगर काय करत न्हाई, बाईसायेब. कौल लावला. देवानं उजवा दिला. मग केस केली."

"म्हणजे ही फिर्याद भैरोबाच्या परवानगीनं आहे?"

"हंड्रेड परसेंट."

मागच्या बाकांवरून समाधानाचा हुंकार उठला. उदयसिंहांनी तेवढ्यात पुढचा साक्षीदार बोलावला, नाथाजी गुरव. वय सत्तर. गुरवाची साक्ष त्यांना हवीच होती. देवाच्या माणसानं 'भावना दुखावल्या' म्हटलं की शिक्का बसला. नाथाजींनी शपथेचे शब्द म्हटले आणि वर कानाच्या पाळ्याही धरल्या. ते फॉर्ममध्ये नव्हतं. न्यायाधीश साहेबांनी चालू दिलं.

"दुखावल्या जी," नाथाजी म्हणाले. उदयसिंह खूश होऊन बसले.

राजेश्वरीबाई उठल्या. "आबा, केस करायची का म्हणून कौल तुम्हीच लावलात?"

"व्हय जी. माज्याबिगर कोन लावणार?"

"कुठली कळी पडली?"

"कवाची म्हंता?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"कवाची म्हणजे?" राजेश्वरीबाईंनी विचारलं. "किती वेळा लावलात?"

"तीनदा जी. पयल्यांदा डावी पडली. परत लावला, परत डावी."

"दोनदा नाही म्हणाला देव?"

"व्हय. लाईट नव्हती ना त्या दिशी." नाथाजींनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू पाऊस नव्हता म्हणून छत्री घेतली नाही. "मग सुभेदार म्हनलं, आबा, जरा दम खा, लाईट येऊ द्या. चार वाजता लाईट आली. मग लावला, तर टकाटक उजवी."

आधी हसला तो कोर्टाचा शिपाई. मग टेम्पोतून आलेली माणसं हसली. उदयसिंह पुढ्यातली फाईल अशी वाचू लागले, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. लालासाहेब जागेवरून ओरडले, "आवं आबा, येवढं कुनी इचारलं हुतं का?"

"शप्पत घातली की रं," नाथाजी म्हणाले. "देवाची."

साहेबांनी पंधरा दिवसांनी निकाल दिला. देव कौल देतो की पंखा, यावर कोर्टाला मत द्यायचं नाही, असं त्यांनी लिहिलं. पण आरोपीचं विधान फिर्यादीलाही आधीपासून पटलेलं दिसतं. तसं नसतं तर तो वीज येईपर्यंत थांबला नसता. सबब आरोपी निर्दोष.

मला वाटलं, गाव आता मान खाली घालून जाईल. या वेळी एकच टेम्पो होता, तोही अर्धा. लालासाहेब चहाच्या टपरीशी गावाला समजावत होते.

"देवानं दोनदा डावा दिला हुता का न्हाई? म्हंजे केस करू नगा. आपुन ऐकलं न्हाई. हारलो. आता बोला, कौल खरा निगाला का खोटा?"

"खरा, खरा!" सगळे म्हणाले. एकानं हळूच विचारलं, "मग पंख्याचं काय करायचं?"

"ऱ्हाऊ दे. देवाला उकाडतंय."

गुरुजी माझ्या टेबलाशी आले, वही मागायला. ती पुराव्यात दाखल होती, निशाणी चौदा. अपिलाची मुदत संपेपर्यंत मिळत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि समोरच्या दुकानातून चाळीस पानी नवी वही घेतली. फाटकाशी उभ्या उभ्याच लिहायला लागले.

लक्ष्मीबाईंनी कपाळाला हात लावला. "आरं, आत्ताच सुटलास की! आता आनी काय लिवतोस?"

"लाईट नसताना दोन कौल झाले, दोन्ही डावे. आणि सुभेदार म्हणतात तसे ते खरे ठरले." गुरुजींनी पेन झटकलं. "ठरले तर ठरले. देवाच्या बाजूचं असलं म्हणून काय लिहायचं न्हाई?"